वूव्रे: आधी गोडवा ओळखा, मग ताट मांडा

वूव्रे या फ्रेंच व्हाइट वाइनची बाटली लोक हातात घेतात, फिरवून बघतात आणि परत शेल्फवर ठेवतात. आत ड्राय वाइन आहे, गोडसर आहे की चक्क गोड, ते बाहेरून पटकन कळत नाही, आणि पैसे मोजून जुगार खेळायची कोणाची तयारी नसते. मग हात जातो शेजारच्या साँसेर किंवा शाब्ली या ड्राय फ्रेंच वाइनकडे, कारण तिथे काय मिळणार हे ठाऊक असतं. त्या खात्रीचे पैसेही वेगळे पडतात. वूव्रे मात्र चांगली असूनही स्वस्तात पडून राहते.

तिचं कोडं एकाच प्रश्नात आहे: बाटलीत साखर किती उरली आहे? त्याचं उत्तर मिळालं की किती थंड करायची, सोबत काय खायचं, किती वर्षं ठेवायची, हे सगळं त्यामागोमाग सुटतं. फ्रेंच व्हाइट वाइनशी फारशी ओळख नसलेल्यांनी त्याच क्रमाने जावं, म्हणून पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: ही वाइन येते कुठून

पॅरिसच्या नैऋत्येला, वेगवान रेल्वेने साधारण तासाभरावर, ल्वार नदीकाठी तूर नावाचं शहर आहे. तिथून नदीच्या उजव्या काठाने पूर्वेला निघालं की थोड्याच अंतरावर वूव्रे गाव लागतं. नदीला लागून चुनखडीचा उंच कडा आहे. हा दगड मऊ, पिवळसर पांढरा. त्याला तुफो म्हणतात. ल्वारच्या खोऱ्यातले राजवाडे याच दगडाचे. शतकानुशतकं दगड कापून नेला आणि मागे गुहा उरल्या. काही गुहांना लोकांनी दारंखिडक्या बसवून घरं केली, काहींत वाइन करणाऱ्यांची तळघरं आहेत. आत वर्षभर 12 अंशांच्या आसपास गारवा असतो, त्यामुळे बाटल्या निवांत पडून राहतात. मळे कड्याच्या वर, पठारावर. 1936 पासून वूव्रे या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. ठरवून दिलेल्या गावांबाहेरच्या द्राक्षांना ते लावता येत नाही.

द्राक्ष व्यवहारात एकच, शेनिन ब्लाँ. आणि इथे नाशिककरांचे कान टवकारतील. सुलाने 2000 मध्ये आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लाँ होती. नाशिकच्या मळ्यांत ती आजही मोठ्या प्रमाणावर आहे. पण जात तीच असली तरी हवा वेगळी. आपल्याकडे द्राक्ष हिवाळ्यात पिकतं, काढणी जानेवारी ते मार्च, दिवसा ऊन तापलेलं. अशा उन्हात द्राक्षाचा आंबटपणा भराभर उतरतो आणि वाइन मऊ, फळांच्या वासाची होते. ल्वारकाठी काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, एखाद्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत लांबते. तिथल्या गार हवेत साखर सावकाश भरत जाते, पण आंबटपणा हटत नाही. म्हणून नाशिकची शेनिन आवडते म्हणून वूव्रेकडून तशाच चवीची अपेक्षा ठेवू नका, आणि ती आवडली नाही म्हणून वूव्रेवर काटही मारू नका.

आता गोडव्याची भानगड कुठून येते ते. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. साखर सगळी संपली तर वाइन ड्राय. रस फारच गोड असेल, किंवा करणाऱ्याने आंबवण मध्येच थांबवली, तर साखर उरते. वूव्रेचं हवामान काठावरचं आहे. थंड, पावसाळी वर्षी द्राक्ष जेमतेम पिकतं; ते बहुतेक फसफसणाऱ्या वाइनला जातं. बऱ्या वर्षी ड्राय आणि गोडसर वाइन होते. आणि ज्या वर्षी शरद ऋतूत सकाळी नदीवरचं धुकं आणि दुपारी ऊन असा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो, त्या वर्षी द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दिसायला घड किळसवाणा, राखाडी, सुरकुतलेला. पण बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, स्वाद सगळं दाट होतं. मजूर मळ्यातून दोनदा-तीनदा फिरतात आणि दर वेळी पिकलेलं तेवढंच वेचतात. 1947 किंवा 1989 सारख्या वर्षांच्या गोड वूव्रे आजही लोक जपून ठेवतात, त्या अशाच.

म्हणजे एकाच मळ्यातून एकाच शेतकऱ्याची वाइन एका वर्षी ड्राय आणि दुसऱ्या वर्षी मधासारखी गोड येऊ शकते. आता वूव्रेच्या दुकानदाराची पंचाईत लक्षात येईल.

दुसरी पायरी: लेबल वाचणं

लेबलवर गावाच्या नावाखाली किंवा कोपऱ्यात एक छोटा शब्द शोधा. फ्रेंच येत नसलं तरी चालतं, अक्षरं ओळखता आली की झालं.

एस-ई-सी अशी तीन अक्षरं एकटीच असतील तर ती सेक, म्हणजे ड्राय. लिटरमागे साखर साधारण 8 ग्रॅमपर्यंत. वूव्रेच्या आंबटपणापुढे एवढी साखर जिभेला जाणवतही नाही.

सेकच्या पुढे ताँद्र हा शब्द असेल, टी-ई-एन-डी असा सुरू होणारा, तर ड्राय आणि गोडसर यांच्या मधली. हा कायद्याचा शब्द नाही, करणारे सवयीने वापरतात. पहिला घोट ड्राय वाटतो आणि मागून किंचित मऊपणा येतो. माझ्या मते वूव्रेची खरी गंमत इथूनच सुरू होते.

दमी-सेक, म्हणजे सेकच्या आधी डी-ई-एम-आय. ही गोडसर. लिटरमागे 10-12 ग्रॅमपासून पंचविशीच्या आसपासपर्यंत काहीही सापडतं. आकडा वाचून बिचकू नका. आंबटपणा इतका असतो की गोडवा मिठाईसारखा अंगावर येत नाही.

म्वालो, एम-ओ-ई असा सुरू होणारा शब्द, म्हणजे गोड. साखर 45 ग्रॅमपर्यंत आणि मोठ्या वर्षी त्याच्याही पुढे. ही जेवणाच्या शेवटची किंवा नुसती बसून प्यायची.

फसफसणारी वूव्रे वेगळी ओळखायची. वूव्रेत होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक हीच असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शँपेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, जाड काचेची बाटली, बुचावर तारेची जाळी. तीवर ब्रूट लिहिलेलं असेल तर ड्राय. पेतियाँ लिहिलेलं असेल तर बुडबुडे सौम्य.

आता अडचण अशी की बऱ्याच बाटल्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हा मागचं लेबल बघा, काही जण तिथे गोडव्याची पट्टी छापतात. तीही नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहा. 13 टक्के किंवा वर असेल तर बहुतेक साखर अल्कोहोलमध्ये गेली, वाइन ड्राय असण्याची शक्यता जास्त. 11.5 ते 12 च्या घरात असेल आणि ती बिनबुडबुड्यांची असेल तर थोडी साखर मागे राहिली असं धरून चाला. हा ठोकताळा आहे, चुकतोही. सरळ दुकानदाराला विचारलेलं केव्हाही बरं. सुपरमार्केटमधली अगदी स्वस्त वूव्रे बहुतेक वेळा गोडसरच निघते, आणि तीत नुसताच गोडवा असतो. या वाइनचं नाव खाली आणण्यात अशा बाटल्यांचा वाटा मोठा आहे.

एक उपयोगी गोष्ट. नदीच्या पलीकडच्या काठावर माँलुई आहे. द्राक्ष तेच, पद्धती त्याच, कायद्याचं संरक्षण 1938 पासून, आणि नाव त्याहून कमी जणांना माहीत. वूव्रे मिळाली नाही तर माँलुई बेलाशक घ्या. माँलुईच्या काही नामांकित वाइनकरांचे मळे वूव्रेच्या हद्दीत आहेत, पण द्राक्षं नदीपलीकडे आपल्या तळघरात नेऊन वाइन करतात म्हणून 2014 च्या हंगामापासून त्यांना वूव्रे हे नाव लावता येत नाही. त्यांच्या लेबलवर फक्त 'विन द फ्रान्स' असतं. एरवी तो शब्द सर्वांत साध्या वाइनवर असतो. इथे मात्र आत अस्सल वूव्रेच्या मळ्याची वाइन असते. फ्रेंच नियमावलीचा हा कारभार.

तिसरी पायरी: पहिली खरेदी

नवशिक्याला माझा सल्ला एकच: एकाच वाइनकराची, शक्यतो एकाच वर्षाची, एक सेक आणि एक दमी-सेक अशा दोन बाटल्या घ्या आणि त्या एकाच जेवणाला उघडा. चार-सहा जण असले की दोन बाटल्या जास्त होत नाहीत. दोन ग्लास शेजारी ठेवून प्यायल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही. त्याच मळ्याचा वास, तोच आंबटपणा, फक्त साखर वेगळी. आणि ताटातल्या कोणत्या पदार्थाला कोणता ग्लास हवा हे जीभच सांगते.

नावं हवीत तर ही घ्या. शाँपालू, व्हँसाँ कारेम, दोमेन दे ओब्युइझिएर, फ्राँस्वा पिनाँ ही घराणी सुरुवातीला चांगली, खिशाला फार झळ नाही. माँलुईत ताय ओ लू आणि फ्राँस्वा शिदेन. वरच्या पायरीवर दोन: क्लो नोदँ आणि ह्युए.

ह्युएबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. 1928 मध्ये सुरू झालेलं हे घराणं. त्यांचे तीन मळे, ल ओ-लियू, ल माँ आणि क्लो द्यु बूर; तिन्हींची वाइन वेगळी ठेवतात आणि बाटलीवर मळ्याचं नाव छापतात. ल ओ-लियूची जमीन जड चिकणमातीची, वाइन लवकर खुलणारी. ल माँमध्ये मातीत गारगोट्या, वाइन ताठ, वेळ घेणारी. क्लो द्यु बूरमध्ये मातीचा थर पातळ, खाली लगेच चुनखडी. गास्ताँ ह्युए कित्येक वर्षं गावाचे महापौर होते. पॅरिसहून येणाऱ्या वेगवान रेल्वेचा मार्ग वूव्रेच्या मळ्यांतून जाणार असं ठरत होतं तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि शेवटी रूळ मळ्यांच्या खालून, बोगद्यातून गेले. आजही गाडीत बसलेल्याला वूव्रे दिसत नाही, कारण तो तिच्या खालून जात असतो.

भारतात या बाटल्या मोजक्या दुकानांत आणि मोठ्या हॉटेलांत दिसतात, आणि आयात शुल्क व राज्याचे कर चढल्यावर मूळ किमतीशी त्यांचा संबंध उरत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना सांगावं हे उत्तम. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे नेहमीच्या 750 मिलिच्या दोन बाटल्या बसतात: एक सेक, एक दमी-सेक. चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून.

ठेवायच्या किती दिवस? सेक पहिल्या चार-पाच वर्षांत मजा देते. दमी-सेक आणि म्वालो, करणारा चांगला असेल तर, वीस-तीस वर्षंही टिकतात, कारण साखर आणि आंबटपणा दोन्ही वाइन राखतात. पण हे गुहेतल्या गारव्याचं गणित आहे. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलेली बाटली वर्षभरात थकते. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर साठवण्याच्या फंदात पडू नका, पिऊन टाका.

चौथी पायरी: थंड करणं आणि उघडणं

फसफसणारी 8 अंशांना, बाकीच्या 10 ते 12 ला. घरच्या फ्रिजमधून काढलेली बाटली याहून गार असते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार असेल तर वास येत नाही आणि नुसता आंबटपणा टोचतो. कोमट झाली तर दमी-सेक चिकट वाटते. बर्फ ग्लासात टाकू नका. बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवा, वीस मिनिटांत काम होतं.

बुचाला खालून किंवा बाटलीच्या तळाशी पारदर्शक खडे दिसले तर साखर साठली किंवा काच फुटली असं वाटून घाबरायला होतं. ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक, थंडीत बसतात. निरुपद्रवी. शेवटचा ग्लास जरा हळू ओता, एवढंच.

ताज्या वूव्रेचा पहिला वास कधी कधी विचित्र येतो, काडेपेटीसारखा किंवा काहीच नाही असा. ग्लास गोल फिरवा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. मग हिरवं सफरचंद, पेर (नासपती), त्याच्याच जातकुळीचं क्विन्स, कॅमोमाइलची फुलं, मध यांतलं काही ना काही येईल. आणि एक वास हमखास, ओल्या लोकरीचा. पावसात भिजलेली घोंगडी नाकाशी आली आहे असा. पहिल्यांदा नकोसा वाटेल, नंतर तुम्ही तोच शोधाल.

घोट घेतल्यावर गोडवा किती हे जिभेच्या टोकावर लगेच कळतं. पण खरं लक्ष गिळल्यानंतर द्या. जबड्याच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं का? सुटलं तर आंबटपणा जागा आहे. तोंड चिकट राहिलं आणि पाणी सुटलं नाही तर बाटलीत साखर आहे पण कणा नाही, आणि ती जेवणाला लावायची नाही.

पाचवी पायरी: ताट

इथे घाई करू नका. वूव्रे नुसती पिऊन आवडली नाही असे लोक भेटतात. जेवणासोबत आवडली नाही असे फार थोडे.

सेकची सुरुवात तूरच्या रिएतपासून करा. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, इतकं की काट्याने दाबलं तरी धागे सुटावेत. तूरचं रिएत इतर भागांपेक्षा जास्त परतलेलं, तांबूस, लांब धाग्यांचं असतं. खरपूस पावाच्या जाड कापावर ते भरपूर पसरायचं, वर एखादी व्हिनेगरमधली छोटी काकडी. दोन घासांनंतर चरबीचा थर टाळूला चिकटतो आणि तिसरा घास जड जायला लागतो. तेव्हा सेकचा घोट घ्या. आंबटपणा तो थर धुऊन नेतो, तोंड कोरं होतं, आणि तिसरा घास पहिल्यासारखा लागतो. याच घराण्यातले रियाँ म्हणजे पोटाच्या मांसाचे मोठे चौकोनी तुकडे, चरबीत शिजवून बाहेरून खमंग केलेले. त्यांनाही हीच वाइन.

चीजमध्ये सँत-मोर. बकरीच्या दुधाचं, लांब दंडगोलाकार, बाहेरून राखाडी राखेचं, आतून पांढरंशुभ्र आणि मधोमध आरपार राय या गव्हासारख्या धान्याच्या पेंढ्याची काडी. काडी चीज तुटू नये म्हणून घालतात, आणि अस्सल सँत-मोरच्या काडीवर नाव व बनवणाऱ्याचा क्रमांक कोरलेला असतो. कापायच्या आधी काडी ओढून काढा आणि वाचा. चीज म्हटलं की रेड वाइन हे डोक्यात बसलेलं असतं, पण बकरीच्या चीजसोबत बऱ्याच रेड वाइन कडवट, खडूसारख्या लागतात. सेकसोबत चीजचा आंबट-दुधाळ स्वाद उजळतो.

नदीच्या माशाला बर ब्लाँ हा सॉस. मूळचा नाँतकडचा, ल्वारच्या मुखाजवळचा, पण सगळ्या नदीकाठाने आपला केलेला. बारीक चिरलेले छोटे फ्रेंच कांदे व्हिनेगर आणि व्हाइट वाइनमध्ये आटवायचे, चमचाभर रस उरेपर्यंत. मग आच अगदी मंद करून थंड लोण्याचे तुकडे एकेक घालत फेटत राहायचं. उकळी आली की सॉस फुटला. झांडर किंवा पाइक मासा उकडून त्यावर हा सॉस. सेक चालते, पण लोण्याच्या अंगच्या गोडव्याला सेक-ताँद्र जास्त जुळते. आपल्याकडे हे पापलेटवर किंवा रावसच्या कापावर उत्तम होतं. मासा मात्र हळद-तिखट न लावता वाफवायचा, नाहीतर लोणी हरवतं.

दमी-सेकचा मोठा पदार्थ तूरचाच: आलुबुखाऱ्यासोबतचं डुकराचं मांस. सुके आलुबुखारे वूव्रेमध्ये भिजवतात, मांसाचे गोल काप लोण्यात परततात, मग तीच वाइन आणि क्रीम घालून सॉस. गोड, खारट, दाट, सगळं एका ताटात. ड्राय वाइन इथे उगाच आंबट लागते. दमी-सेक आलुबुखाऱ्याच्या गोडव्याला बरोबर भेटते आणि आंबटपणाने क्रीम कापते. गोडसर वाइन जेवणात कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी वाद न घालता हे ताट वाढीन.

याच हिशेबाने क्रीममधली कोंबडी, मश्रूम, खेकडा, लॉब्स्टर, लोण्यात परतलेले स्कॅलप्स. ज्या पदार्थाच्या अंगी स्वतःचा गोडवा आहे त्याला दमी-सेक. शाकाहारी माणसाने भाजलेला लाल भोपळा आणि लोणी घेऊन बघावं.

म्वालोला एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. नाहीतर ती पाणचट आणि आंबट लागते. म्हणून सफरचंदाचा उलटा तार्त तातँ चालतो, त्यात फळाचा आंबटपणा असतो. पेरं चालतात. निळ्या बुरशीचं खारट चीज तर फारच चालतं. चॉकलेट नको.

फसफसणारी ब्रूट जेवणाआधी आणि तळणासोबत. शँपेनच्या एका बाटलीच्या पैशात हिच्या सहसा दोन येतात.

आपल्या ताटाशी

वूव्रेचा मराठी जेवणाशी काही जुना संबंध नाही, आणि तो असल्याचा आव आणायची गरज नाही. पण दोन गोष्टींमुळे ती आपल्या ताटात बहुतेक फ्रेंच वाइनपेक्षा बरी टिकते. चिंच-आमसुलाच्या आंबटपणापुढे इतर वाइन पचपचीत होतात. हिचा आंबटपणा मुळातच जास्त. आणि तिखटावर अल्कोहोल आग वाढवतं, साखर ती शमवते. दमी-सेकमध्ये अल्कोहोल मध्यम आणि साखर थोडी, म्हणजे दोन्हीकडून सोय.

तेव्हा नारळाच्या रसातली कोलंबी किंवा गोव्याची माशाची आमटी-भात: दमी-सेक. चिंचगुळाची अळूवडी: सेक-ताँद्र, आणि ही जोडी खरोखर करून बघण्यासारखी. रवा लावून तळलेली सुरमई किंवा बोंबील, कोथिंबीर वडी, कांदाभजी: फसफसणारी ब्रूट. दाण्याचं कूट आणि गूळ घातलेली भरली वांगी: दमी-सेक. कोल्हापुरी तांबडा रस्सा: कुठलीच नाही, तिथे वाइनचे पैसे वाया. पुरणपोळीला तूप आणि दूधच. म्वालो लावून बघायचा मोह होतो, पण जायफळ-वेलदोड्यापुढे तिचं काही चालत नाही.

ताटात एकाच वेळी सात चवी असतात ही आपली अडचण खरी. त्यामुळे वूव्रे पंगतीला वाढण्यापेक्षा आधी एखाद्या पदार्थासोबत द्या, आणि लोणचं, ठेचा त्या वेळी लांब ठेवा.

उरलेली बाटली

बूच परत लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. सेक तीन-चार दिवस, दमी-सेक आठवडाभर बरी राहते, आणि दमी-सेक दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा खुललेली निघाली तर नवल नाही. फसफसणारी दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा, तेही वर दाबाचं झाकण असेल तर. त्याहून जुनी झालेली वाइन ग्लासात ओतू नका, भांड्यात ओता: सोललेली कडक पेरं उभी चिरून, बुडतील इतकी दमी-सेक, एक-दोन चमचे साखर, लिंबाच्या सालीचा तुकडा, आणि मंद आचेवर सुरी सहज आत जाईपर्यंत. रस शेवटी वेगळा आटवून वर घाला. पेरं गार झाल्यावर खायची, आणि फ्रिजमध्ये त्याच रसात दोन-तीन दिवस सहज राहतात.